'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' बेसच्या बाजूने : सरावाची नोंद

फुगाझी या वॉशिंग्टन डी.सी.च्या पंक रॉक बँडचा 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' हा 1991 सालचा अल्बम संपूर्णपणे बेसवर (खालच्या स्वरांच्या बेस गिटारवर) बसवण्याचे काम मी हाती घेतले आहे, आणि ते आता निम्म्याच्या बरेच पुढे गेले आहे. 'रिक्लमेशन', 'स्टॅक्स', 'लाँग डिव्हिजन', अल्बमचेच अर्धे नाव मिरवणारी 'स्टेडी डाएट' ही शब्दविरहित रचना आणि शेवटचे 'के.वाय.ई.ओ.' ही गाणी मूळ ध्वनिमुद्रणासोबत न थांबता वाजवता येतात. 'नाइस न्यू आउटफिट' जवळपास बसले आहे, 'लॅटिन रूट्स', 'रनअवे रिटर्न' आणि 'डिअर जस्टिस लेटर' यांवर काम चालू आहे, तर 'एक्झिट ओन्ली' आणि 'पॉलिश' यांना अजून हात लावलेला नाही. या नोंदीत सरावाचा तपशील आहेच. परंतु हा अल्बम बँडच्या उत्तम कामांत गणला जावा, हे माझे ठाम मत आहे आणि सरावामुळे ते अधिकच पक्के झाले आहे, म्हणून ते मत येथे कारणांसह मांडतो.

या अल्बमच्या वाट्याला आलेली उपेक्षा समजून घ्यायची असेल, तर त्याच्या आगेमागे काय आहे ते पाहावे लागते. सुरुवातीच्या दोन ईपी (अल्बमपेक्षा लहान ध्वनिमुद्रिका) एकत्र करून 1989 साली निघालेला '13 साँग्ज' हा बहुतेकांचा फुगाझीशी पहिला परिचय असतो; 1990 चा 'रिपीटर' हा पहिला पूर्ण अल्बम अभिजात म्हणून मान्य झालेला आहे; आणि 1993 चा 'इन ऑन द किल टेकर' हा त्यांचा सर्वांत धारदार आवाजाचा अल्बम म्हणून ओळखला जातो. या तिघांच्या गर्दीत जुलै 1991 मध्ये डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सने काढलेला हा अल्बम मधल्या भावंडासारखा दुर्लक्षित राहिला. त्यातच दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, निर्वाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि अमेरिकेतील गिटार-संगीताविषयीची सगळी चर्चा दुसऱ्याच दिशेला वळली.

उपेक्षेचे दुसरे आणि अधिक गंभीर कारण अल्बमच्या आवाजात आहे. 'रिपीटर'चे निर्मितीकाम टेड नाइसली यांनी पाहिले होते आणि पुढे 'किल टेकर'लाही तेच होते. परंतु मधल्या काळात ते पाककलेच्या व्यवसायाकडे वळल्यामुळे उपलब्ध नव्हते. त्यामुळे इअन मकाय आणि गी पिचोटो (गिटार व गायन), जो लाली (बेस) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम्स) या बँडच्या चौघांनी व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथील इनर इअर स्टुडिओत, ध्वनिमुद्रक डॉन झिएंटारा यांच्या साथीने, निर्मितीची जबाबदारी स्वतःच उचलली. त्यातून जो आवाज आला तो कोरडा आहे. गिटारभोवती पोकळी नाही, ड्रम्सना खोलीचा घुमारा जवळजवळ नाही, आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे न येता त्यांच्या रांगेतच उभा आहे. 'रिपीटर'नंतर लगेच हा अल्बम लावला, तर आवाज कुणी तरी दाबून ठेवला आहे असे पहिल्या दोन-तीन गाण्यांत निश्चितच वाटते. खुद्द बँडच्या सदस्यांनीही नंतर या मिक्सिंगविषयी (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याविषयी) असमाधान व्यक्त केले आहे, त्यामुळे टीकाकारांच्या हाती आयतेच प्रमाण आले.

माझे म्हणणे नेमके येथून सुरू होते. ज्या कोरडेपणाला दोष दिला जातो, त्याच कोरडेपणामुळे या अल्बममध्ये बेस आणि ड्रम्स यांच्यात काय चालले आहे ते बँडच्या इतर कोणत्याही अल्बमपेक्षा स्वच्छ ऐकू येते. गिटारच्या आवाजाची भिंत उभी केली, की तिच्याआड बेसचे बारीक निर्णय लपतात: एखादा स्वर किती काळ धरला, कोणत्या मात्रेवर तार हाताने दाबून बंद केली, ठेक्याची सम येण्याआधी किंचित थांबला की नाही, हे सर्व झाकले जाते. येथे ती भिंत नाही. म्हणून हा अल्बम गिटारकडून बेसकडे जाण्याऐवजी बेसकडून गिटारकडे ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन. असे ऐकले, की गाण्यांची बांधणी उलगडते आणि 'सपाट' हा शब्द अपुरा वाटू लागतो.

'रिक्लमेशन' हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. गाण्याचा कणा म्हणजे लाली यांची एक लहानशी, सतत फिरून येणारी बेसची ओळ. तिच्यावर गिटार किंचाळते, थांबते, पुन्हा किंचाळते, पण चाल सांगण्याचे काम तिच्याकडे नाही. ते बेसकडे आहे. लाली यांना जमैकातील डब संगीताची (रेगेतून निघालेल्या, बेसप्रधान शैलीची) ओढ होती आणि या ओळीत ती दिसते: स्वरांइतकेच महत्त्व स्वरांमधल्या मोकळ्या जागेला आहे. ही ओळ डाव्या हाताने शिकायला थोडा वेळ पुरतो. खरा कस उजव्या हाताचा लागतो, कारण प्रत्येक स्वर योग्य क्षणी बंद केला नाही तर तिचे चालणे हरवते आणि नुसते धावणे उरते. मी सुरुवातीला मूळ गतीच्या साधारण दोन-तृतीयांश गतीवर मेट्रोनोम लावून, त्याचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असे समजून सराव केला. या पद्धतीने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेची जबाबदारी वाजवणाऱ्यावर येते, आणि या गाण्याला नेमकी तीच शिस्त लागते. स्वतःच्या शरीरावर स्वतःचाच अधिकार असावा, अशी स्पष्ट मागणी करणारे हे गाणे मकाय गातात. अमेरिकेत गर्भपाताच्या हक्कावर तेव्हा न्यायालयांतून आणि रस्त्यांवरून झगडा चालू होता. अशा विषयावर ओरडणे सोपे असते. येथे मागणी घोषणेसारखी असली, तरी तिच्याखालचा बेस पूर्ण संयमाने चालतो, आणि त्या संयमामुळेच मागणीला वजन येते.

'लाँग डिव्हिजन' या अल्बममधील सर्वांत लहान गाण्यांपैकी एक असून ते जेमतेम सव्वादोन मिनिटांचे आहे. दुरावत जाणाऱ्या माणसांविषयीचे हे गाणे इतक्या थोडक्या शब्दांत आणि इतक्या खालच्या आवाजात मांडले आहे, की '13 साँग्ज'मधील 'वेटिंग रूम'सारखे जोरकस गाणे ऐकून आलेल्या श्रोत्याला ते अपुरे वाटू शकते. बेसवर वाजवून पाहिल्यावर मात्र त्यात वाढवण्यासारखे काहीच नाही हे कळते. हे गाणे बसवताना हाताचा जोर निम्म्याने कमी करावा लागला आणि अँपवरचा आवाज तेवढाच वाढवावा लागला. नवीन वाजवणाऱ्यांना मी पहिले गाणे म्हणून हेच सुचवेन.

शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या अल्बमचा काळ त्याच्या अंगात भिनलेला आहे. ध्वनिमुद्रण 1991 च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले आणि आखाती युद्धातील हवाई हल्ले 17 जानेवारीला सुरू झाले. त्याच्या पाच दिवस आधी, 12 जानेवारीला, फुगाझीने व्हाइट हाउससमोरच्या लाफाएट पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत निषेधाचा कार्यक्रम केला होता. अचूक बॉम्बफेकीची चित्रे दूरचित्रवाणीवर कौतुकाने दाखवली जात असताना 'नाइस न्यू आउटफिट' हे गाणे त्या अचूकतेच्या अभिमानावरच बोट ठेवते. 'के.वाय.ई.ओ.' म्हणजे डोळे उघडे ठेवा. शांतता दिसत असली तरी तयारी चालू आहे, असा इशारा देऊन ते गाणे अल्बम संपवते. 'डिअर जस्टिस लेटर'ला संदर्भ आहे तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे उदारमतवादी न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या जुलै 1990 मधील निवृत्तीचा. आपल्याकडे ही गाणी परक्या राजकारणाची म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही: त्याच आखाती संकटात 1990 साली कुवेतमधील लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणले गेले होते, आणि अनेक घरांमध्ये त्या दिवसांची आठवण अजून आहे.

'के.वाय.ई.ओ.' बसवताना शांत आणि स्फोटक भागांमधला फरक केवळ आवाजाचा नाही, हे प्रकर्षाने लक्षात आले. शांत भागात बेस आणि ड्रम्स एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की गती वाढलेली नसतानाही ती वाढते आहे असा भास होतो. कँटी यांचे हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) नीट ऐकून त्यावर उजवा हात बसवला, की हा ताण आपोआप येतो; गिटारकडे लक्ष गेले, की तो सैल पडतो. 'स्टॅक्स'मध्ये उलट परिस्थिती आहे. तेथे थांबे महत्त्वाचे आहेत, आणि चारही जण एकाच क्षणी गप्प होतात तेव्हा त्या कोरड्या मिक्सिंगमुळे शांतता खरोखरच पूर्ण असते. मागे रेंगाळणारा घुमारा तिला बिघडवत नाही. अशा जागी मला नाइसली यांची अनुपस्थिती अजिबात जाणवत नाही.

'स्टेडी डाएट' ही शब्दविरहित रचना पुष्कळजण भरीची समजून पुढे सरकवतात. तसे करू नये. दोन गिटारींनी काम कसे वाटून घ्यावे याचा तो उत्तम धडा आहे. पिचोटो बँडमध्ये आले तेव्हा ते प्रामुख्याने गायक होते. गिटारवादक म्हणून त्यांचा पूर्ण सहभाग 'रिपीटर'पासून दिसतो, आणि येथे तो पुढच्या पायरीवर आहे. दोघे एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) दुप्पट जोराने वाजवत नाहीत. एकजण ठेका धरतो, तर दुसरा त्याच्या कडेने खरवडत जातो, आणि या दोघांच्या मधल्या जागेत बेस चाल सांगतो. 1995 च्या 'रेड मेडिसिन'मधील मोकळेपणा आणि 2001 च्या 'द आर्ग्युमेंट'मधील परिपक्व मांडणी ज्यांना प्रिय आहे, त्यांनी या रचनेकडे परत यावे. ती वाट येथूनच फुटते.

सरावासाठी डिस्कॉर्डने 2011 मध्ये सुरू केलेला फुगाझीच्या थेट कार्यक्रमांचा संग्रह अमूल्य ठरला आहे. आठशेहून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे जतन करण्याचे ते काम आहे, आणि एकच गाणे वेगवेगळ्या वर्षांत कसे बदलत गेले हे त्यातून ऐकता येते. बँड गाण्यांची यादी आधी ठरवत नसे, त्यामुळे एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची खूण कुणीतरी वाजवूनच द्यायची असे, आणि ती खूण कित्येकदा बेसमधून किंवा ड्रम्समधून येते. 1991 नंतरच्या कार्यक्रमांत 'रिक्लमेशन' अधिक मोठे, अधिक खरखरीत होते. 'पाहा, गाणी चांगली होती, ध्वनिमुद्रणच कमी पडले' असे म्हणण्यासाठी या थेट आवृत्त्यांचा दाखला अनेकदा दिला जातो. मला हा युक्तिवाद पटत नाही. थेट आवृत्त्यांत जोर अधिक आहे. पण ओळींची नेमकी घडण, स्वरांची लांबी आणि थांब्यांची जागा यांसाठी मला प्रत्येक वेळी स्टुडिओतल्या आवृत्तीकडेच परत यावे लागते, कारण ती तेथेच निःसंदिग्धपणे ऐकू येते.

ऐकून स्वर उतरवून घेणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. संगणकावर वरच्या कंप्रता कापून केवळ खालचा भाग ऐकण्याची युक्ती इतर अल्बमांसाठी मी नेहमी वापरतो, परंतु येथे तिची गरज फारशी पडत नाही. साध्या, बंद प्रकारच्या हेडफोनवर बेस पुरेसा वेगळा ऐकू येतो. बेसचा स्वतःचा आवाज जुळवायचा असेल, तर मधल्या कंप्रता थोड्या पुढे आणाव्यात आणि खालचा गडगडाट मोह आवरून कमी ठेवावा.

पुढचे काम 'रनअवे रिटर्न'चे आहे. जवळजवळ चार मिनिटांचे हे गाणे पिचोटो एखादी गोष्ट सांगावी तसे गातात, घर सोडून गेलेला आणि परत आलेला मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि कथन पुढे सरकते तसा बेसचा वावरही बदलतो. त्याचे पूर्वार्धाचे स्वर उतरवून झाले आहेत. उत्तरार्धातील एका जागी बेस खालच्या तारेवर राहतो की वर जातो याचा निर्णय 1991 ते 1993 मधील थेट ध्वनिमुद्रणांशी ताडून करणार आहे. त्यानंतर 'एक्झिट ओन्ली' घेईन, ज्याच्या सुरुवातीच्या अडखळत्या चालीसाठी ड्रम्सचा भाग आधी तोंडपाठ म्हणता आला पाहिजे असे दिसते. कुणी 'पॉलिश' बेसवर बसवले असेल, तर त्यांनी कोणत्या तारांवर वाजवले ते अवश्य कळवावे.