माउंटन स्लेडचा बेल्ट तापतोय? वेट्स बदलण्याआधी साइड पॅनल बघा

बेल्ट जळाला किंवा आरपीएम खाली आले की लोक सगळ्यात आधी काय करतात, तर क्लचसाठी नवीन वेट्स (आतली वजनं) आणि स्प्रिंग मागवतात. मला हे बघून खरंच हळहळ वाटते, कारण माउंटन स्नोमोबाइलचा म्हणजे स्लेडचा क्लच एकट्याने कधीच काम करत नाही. त्याच्या भोवती जी प्लास्टिकची बॉडी आहे तीच त्याला हवा पुरवते आणि बर्फापासून लांब ठेवते, त्यामुळे पॅनलचा एखादा टॅब तुटला, एखादा व्हेंट बुजला किंवा कुठे बोटभर फट राहिली की त्रास क्लचमध्ये दिसतो आणि खरं कारण पॅनलमध्ये असतं.

आतली रचना गिअरलेस स्कूटरसारखीच आहे, फक्त ताकद कितीतरी जास्त. इंजिनच्या क्रँकवर प्रायमरी क्लच, जॅकशाफ्टवर (ट्रॅककडे, म्हणजे खालच्या रबरी पट्ट्याकडे, ताकद नेणाऱ्या दांड्यावर) सेकंडरी, मध्ये बेल्ट. आरपीएम वाढले की प्रायमरीतले वेट्स बाहेर फेकले जातात, दोन्ही शीव्ह (बेल्टला चिमटीत धरणाऱ्या तिरप्या तबकड्या) जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो, तिकडे सेकंडरी उघडत जाते आणि तिचं हेलिक्स (तिरप्या उताराचा कॅम) आणि स्प्रिंग लोडप्रमाणे बेल्टला दाबून धरतात. सगळा खेळ घर्षणाचा आहे म्हणजे कोरडेपणाचा आहे, आणि आपण चालवतो कशात, तर कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात. त्यातला थोडा बर्फ आत शिरला, वितळला, बेल्ट ओला झाला की तो घसरतो, घसरला की तापतो, तापला की चकाकी धरतो आणि मग कोरडा असतानाही घसरायला लागतो.

म्हणून मी आधी लक्षण नीट बघते. आरपीएम खूप वर गेलेत आणि स्लेड पुढे जात नाहीये, तर बेल्ट घसरतोय, अशा वेळी वेट्सना हात लावायचा नाही. फुल थ्रॉटलला आरपीएम कमी पडतायत पण बेल्ट थंड आहे आणि स्लेड नीट ओढतेय, तर मात्र क्लचिंगचा (वेट्स-स्प्रिंगच्या जुळणीचा) विषय असू शकतो, आणि तिथेही आधी तुम्ही किती उंचीवर आहात ते बघा. दर हजार फुटांना म्हणजे साधारण ३०० मीटरला टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद सुमारे ३ टक्के कमी होते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गेली, मग खालच्या उंचीसाठी बसवलेले जड वेट्स तिथे इंजिनला दाबून टाकणारच. वेट हलका केला की आरपीएम वर जातात, जड केला की खाली येतात. आयडलवर स्लेड आपोआप पुढे सरकत असेल तर बेल्ट बहुतेक सेकंडरीत फार वर बसलाय, म्हणजे डिफ्लेक्शन (बेल्टचा ढिलेपणा) ॲडजस्ट करायचं, आणि उलट बेल्ट खोल बसला असेल तर उचलताना स्लेड मंद वाटते. चढावर थ्रॉटल सोडून परत दाबला आणि आरपीएम परत यायला वेळ लागला तर बॅकशिफ्ट (लोड आल्यावर क्लचचं परत खालच्या गिअरकडे येणं) बिघडलाय, मग सेकंडरीची स्प्रिंग, रोलर आणि बुशिंग उघडून बघायचे.

एक साधी टेस्ट मला फार आवडते. बेल्ट काढून दोन्ही क्लचच्या शीव्हवर आतून बाहेर मार्कर पेनने सरळ रेघ मारायची, बेल्ट बसवायचा, एकदा जोरात चालवून आणायची आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. प्रायमरीवर वरपर्यंत पुसली नाही तर क्लच पूर्ण शिफ्ट होत नाहीये. दोन मिनिटांचं काम आहे आणि अंदाज लावण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

बेल्टसुद्धा बरंच सांगतो. एकाच जागी आत दबलेला असेल तर ट्रॅक गोठलेला किंवा स्लेड रुतलेली असताना थ्रॉटल दिलेला असतो. एकाच कडेचे धागे निघत असतील तर अलाइनमेंट किंवा इंजिन माउंट बघा, कारण माउंट ढिले पडले की लोड आल्यावर इंजिन हलतं आणि दोन क्लचमधलं अंतरच बदलतं. दोन्ही बाजू काळ्या चकचकीत असतील तर उष्णता. आणि या शेवटच्या दोषासाठीच मी पॅनलकडे वळते.

बहुतेक स्लेडना क्लच डाव्या बाजूला असतो, तर डावं पॅनल काढून उजेडात धरा. व्हेंटच्या आत जाळी किंवा फोम असतो, तो जुना झाला की भुगा होतो किंवा बर्फ आणि बेल्टच्या धुळीने गच्च भरतो, कुठे कुठे तर ग्राफिक्सचा स्टिकर व्हेंटवरूनच चिकटवलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग पॅनलच्या कडेची फोमपट्टी बघा, क्वार्टर-टर्न फास्टनर नीट अडकतोय का बघा, रबरी स्ट्रॅप ताणलेला आहे का बघा. स्लेड आडवी पडली, झाडाला घासली की पॅनल बाहेरून ठीक दिसतं पण आतला एखादा टॅब गेलेला असतो, आणि वेगात त्या फटीतून पावडर थेट बेल्टवर येते. आतल्या बाजूला घासल्याची किंवा वितळल्याची खूण दिसली तर पॅनल वाकून क्लच गार्डला किंवा सेकंडरीला टेकतंय, हे ताबडतोब दुरुस्त करा, असं चालवू नका.

जास्तीचे व्हेंट कापून बसवावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं स्पष्ट मत आहे, आधी कंपनीने दिलेले व्हेंट आणि सील पूर्ण ठीक करा, मग ठरवा, कारण प्रत्येक नवीन भोक गरम हवा बाहेर सोडतं तसं बर्फालाही वाट देतं, आणि पाणी रोखणारी बारीक जाळी लावल्याशिवाय तर अजिबात नाही.

तुटलेल्या पॅनलला सुपरग्लू लावू नका. मागच्या बाजूला प्लास्टिकचा कोड छापलेला असतो, पीई किंवा पीपी असेल तर गोंद धरतच नाही, त्याच प्लास्टिकच्या रॉडने वेल्डिंग करावं लागतं. चीर गेली असेल तर तिच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, मग दोन्ही बाजूंनी भोकं पाडून झिप टायने शिवा, दिसायला कसंही असलं तरी टिकतं. स्क्रूखाली मोठा वॉशर टाका. आणि पॅनल कडाक्याच्या थंडीत ओढून काढू नका, प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, बहुतेक टॅब याच वेळी तुटतात.

बेल्ट फुटला असेल तर नवीन घालून लगेच निघू नका. सुटलेले धागे प्रायमरीच्या मागे क्रँकभोवती गुंडाळले जातात आणि क्रँक सील फाडू शकतात, म्हणून टॉर्च घेऊन सगळे तुकडे शोधून काढा, व्हेंटमध्ये अडकलेलेसुद्धा. शीव्ह स्कॉच-ब्राइट आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, वंगणाचा थेंबही नको. हे सगळं इंजिन बंद करून, टेदर (इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) काढून. गार्ड किंवा पॅनल उघडं ठेवून थ्रॉटल देऊन बघायचा मोह होतो, पण फुटलेल्या बेल्टचा तुकडा माणसाला गंभीर जखमी करतो, तेव्हा ते करायचंच नाही.

नवीन बेल्टला पहिले ५० किलोमीटर तरी फुल थ्रॉटल न देता कमी-जास्त वेगात चालवा. चढावर दमवून झाल्यावर थांबलात तर डावं पॅनल उघडून क्लचला जरा हवा लागू द्या आणि निघताना प्रत्येक फास्टनर बोटाने फिरवून बघा. सुट्टा बेल्ट आणि सेकंडरी उघडायचं टूल सोबत ठेवाच, आणि बेल्ट बदलायची सवय घरीच करून घ्या, हातमोजे घालून, कारण हिमस्खलनाच्या उताराखाली बेल्ट गेला तर तिथे सूचना वाचत बसायला वेळ नसतो.