इंडिकाचे ज्ञान कुठून आले?

नवे तंत्रज्ञान आणायचे म्हणजे परदेशी कंपनीशी करार करायचा, आराखडे घ्यायचे आणि यंत्रे बसवायची, असा सर्वसाधारण समज असतो. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, इतिहास वाचताना मला तो फार अपुरा वाटतो.

डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेल्या पंधरा वर्षांच्या करारातून जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये करार संपल्यावरही ते बनत राहिले. दरम्यान १९६६ मध्ये सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात नवा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा उत्पादनाबरोबरच साचे व हत्यारे बनवणारी टूल रूम, यंत्रे बनवणारा विभाग, संशोधन केंद्र आणि अप्रेंटिस प्रशिक्षण यांवरही भर देण्यात आला. गाडी विकून पैसा मिळण्याआधी एवढा खर्च करणे त्या काळी अनेकांना चैन वाटली असेल.

त्या तयारीचा कस पुढे इंडिका या कंपनीच्या छोट्या मोटारीच्या वेळी लागला. कंपनीच्या आधीच्या सुमो या गाडीची बॉडी स्वतंत्र चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवलेली होती, तर इंडिकाची बॉडी आणि चासी एकच असल्याने पत्र्याचे साचे, वेल्डिंग आणि मापांतील अचूकता यांचे गणित कंपनीसाठी नवे होते. म्हणून बाहेरची रचना इटलीतील आयडिया या संस्थेच्या मदतीने झाली आणि इंजिनासाठी फ्रान्समधील तज्ज्ञांचे साहाय्य घेतले गेले. उत्पादनासाठी मात्र कंपनीने ऑस्ट्रेलियातील निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि त्यातील यंत्रसामग्री उतरवून, जहाजाने आणून पुण्यात पुन्हा उभारली. स्वस्त सौदा म्हणूनच याचा उल्लेख होतो. माझ्या मते त्यातला अधिक मोलाचा भाग उतरवण्याचा होता. कोरी यंत्रे विकणाऱ्याचे तंत्रज्ञ स्वतः बसवून देतात, पण जुनी यंत्रसामग्री खोलून पुन्हा जुळवणाऱ्याला प्रत्येक फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना भाग पकडून ठेवणारी चौकट, तिथेच का आहे, हे समजून घ्यावेच लागते.

डिसेंबर १९९८ मध्ये गाडी बाजारात आली आणि लवकरच ग्राहकांच्या तक्रारीही आल्या. त्या तक्रारींतून मिळालेले ज्ञान कोणत्याही करारात मिळाले नसते. त्या तक्रारींवरून केलेल्या सुधारणा २००१ च्या व्ही-टू आवृत्तीत दिसल्या. गाडी परवान्यावर बनवलेली असती, तर एखादा सुटा भाग बदलण्यासाठीही मूळ कंपनीची संमती मागावी लागली असती. इथे आराखडेही पुण्यात होते आणि ते बदलू शकणारी माणसेही.