आतले दोन दिवे कुठे गेले

मंडळी, मागच्या वेळी थंडरबोल्ट या फोर्डच्या जुन्या शर्यतीच्या गाडीच्या छोट्या मॉडेलच्या बॉडीवर प्रायमर मारून ठेवलाय असं सांगितलं होतं. ती बॉडी पुढे चार महिने तशीच डब्यात पडून राहिली. पावसाळ्यात ठाण्यात लॅकर मारायच्या भानगडीत कुणी पडू नये. मी एकदा पडलोय. सकाळी उठून बघतो तर गाडीला मीठ फुटल्यासारखा पांढुरका थर. म्हणून यंदा पाऊसभर ब्रश धुऊन ठेवले आणि वाचत बसलो. वाचता वाचता सगळा बेतच बदलला.

आधीचा बेत सोपा होता. 1/25 मापाची एक थंडरबोल्ट करायची, फळीवर ठेवायची, विषय संपला. आता पाच गाड्या करायच्या आहेत, वंशावळीच्या क्रमाने: 1963 ची पॉन्टिअ‍ॅक कॅटलिना, 1964 ची फोर्ड थंडरबोल्ट, 1965 ची चाकं पुढे सरकवलेली डॉज, 1968 ची डॉजचीच हेमी डार्ट आणि 1969 ची शेवरोलेची झेडएल1 कॅमॅरो. या गाड्यांची शर्यत पाव मैलाची, म्हणजे 402 मीटर सरळ रेषेत. 1/25 मध्ये ते सोळा मीटर होतात. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दारापासून कचऱ्याच्या पिंपापर्यंत बरोबर तेवढं अंतर आहे. टेप लावून मोजलंय. वॉचमनने नुसतं बघितलं, विचारलं काही नाही.

वंशावळ कुठून धरायची यावर मी बराच अडलो. ‘फॅक्टरी गाडी’, म्हणजे कंपनीनेच शर्यतीसाठी काढलेली गाडी, म्हटलं की वाटतं, कंपनीच्या बड्या साहेबांनी मीटिंग घेतली, गाडी काढायचं ठरलं आणि निघाली. घडलं भलतंच. 1957 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की शर्यतींपासून लांब राहायचं. दोनच वर्षांपूर्वी ल मान्सला मोठा अपघात होऊन प्रेक्षक मेले होते, त्याची धास्ती होती. म्हणजे कागदोपत्री कंपन्या रेसिंगमध्ये नव्हत्याच. मग गाड्या कुणी केल्या? ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी.

डॉज आणि प्लिमथ गाड्या काढणाऱ्या क्रायस्लरमधल्या काही तरुण इंजिनिअरांनी ऑफिस सुटल्यावर एक क्लब चालवला, रॅमचार्जर्स. त्यांची पहिली गाडी 1949 ची जुनी प्लिमथ. बॉडी उचलून ठेवलेली, आणि इंजिनावर हवा ओढणाऱ्या लांबलचक नळ्या, बॉनेटच्या वर आलेल्या. फोटो बघितला तर वाटतं बँडवाल्यांची सगळी वाद्यं एकावर एक रचलीत. नाव ‘हाय अँड मायटी’. 1959 ला ती डेट्रॉइटच्या राष्ट्रीय शर्यतीत उतरली. त्या क्लबातला टॉम हूवर पुढे 426 घनइंची हेमी या क्रायस्लरच्या इंजिनामागचा मुख्य माणूस ठरला. तिकडे 1960 ची राष्ट्रीय शर्यत, तीही डेट्रॉइटलाच, टॉप स्टॉक या वर्गात कोणी मारली? जिम वँगर्सने. हा पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिरात एजन्सीतला माणूस, आणि गाडी रॉयल ओकच्या रॉयल पॉन्टिअ‍ॅक या शोरूमची. माझी फळी म्हणूनच कारखान्यापासून सुरू होत नाही. सुरुवात शोरूमच्या मागच्या शेडमध्ये होते. कारखाना नंतर आला, कोड नंबर आणि पार्ट नंबर घेऊन.

थंडरबोल्टचंही तेच. ऱ्होड आयलंडमधल्या बॉब टास्काच्या फोर्ड शोरूमने 1963 मध्ये छोट्या फेअरलेनमध्ये 427 घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन कोंबलं. गाडी पळाली. मग फोर्डला सुचलं, आणि 1964 ला डिअरबॉर्न स्टील ट्युबिंग या बाहेरच्या कंपनीकडून तशा 100 गाड्या करून घेतल्या.

आता कामाकडे येतो. या गाडीचं मॉडेल करताना माझी सवयच उलटी झाली. इतर गाड्यांत आपण तपशील चढवतो, इथे उतरवावे लागतात. खऱ्या गाडीतून रेडिओ, हीटर, सन व्हायझर, आर्मरेस्ट, स्टेपनी, जॅक, शेजारच्या सीटसमोरचा वायपर, सगळं काढलं होतं. दारं, बॉनेट, पुढचे मडगार्ड फायबरचे. माझ्या किटात मात्र दोन्ही वायपर काचेलाच चिकटून ओतलेले. एक घासून काढायला तीन संध्याकाळी गेल्या. 400, 800, 1500, 2000 चा कागद, मग टूथपेस्ट. काच परत स्वच्छ झाली, पण तिरप्या उजेडात वायपरचं भूत अजून दिसतं. राहू दे.

पुढच्या जाळीत चार दिव्यांऐवजी दोनच. आतले दोन काढून तिथे तारेची जाळी बसवलेली, आणि त्यामागून जाड नळ्या थेट कार्बोरेटरवरच्या डब्यात. दिव्यांच्या जागेतून थंड हवा आत. जाळीसाठी चहाच्या जुन्या गाळणीचा तुकडा वापरला. नळ्यांसाठी सोल्डरच्या तारेवर बारीक तांब्याची तार गुंडाळली, वर काळा रंग. या भागावर मी खूश आहे.

रंग कोणता द्यायचा हे ठरवताना घोळ झाला. किटातले स्टिकर पांढऱ्या गाडीचे. पण पहिल्या अकरा गाड्या गडद बर्गंडी होत्या, आणि मला अकरातलीच एक हवी होती. बर्गंडी मारून झाल्यावर लक्षात आलं, सुरुवातीच्या गाड्यांचा पुढचा बंपर फायबरचा होता, अ‍ॅल्युमिनियमचा नंतर आला. किटातला बंपर क्रोम केलेला, आरशासारखा. तो कपड्यांच्या ब्लीचमध्ये रात्रभर बुडवला, क्रोम निघालं, आणि मंद चंदेरी रंग दिला. बायकोने सकाळी ब्लीचची बाटली हलवून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच.

दिवाळीला कोल्हापूरहून मामा आला होता. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. त्याने भिंग लावून गाडी उलटी केली.

‘‘आरं, ह्या डाव्या पाट्याला दोनच पानं आन् उजव्याला तीन? चुकलं की तुझं.’’

‘‘चुकलं नाही मामा. खऱ्या गाडीतच तसं आहे.’’

‘‘आन् बॅटरी डिकीत? तीबी उजव्या अंगाला?’’

‘‘तीही.’’

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘म्हंजे दणका दिला की उजवं चाक हलकं पडतंय ह्यांचं. ऊसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं म्होरं उठतंय न्हवं? तसं हे एका अंगानं उठत असणार.’’

मी चार महिने वाचून जे समजलो ते त्याने चार मिनिटांत सांगितलं. प्रोपेलर शाफ्टचा पीळ मागच्या अ‍ॅक्सलला फिरवू बघतो, उजवं चाक जमिनीवरून हलकं होतं आणि नुसतं घसरतं. म्हणून तिकडे एक पान जास्त, बॅटरीचं वजनही तिकडेच.

या गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये एक धातूची पट्टी होती. तिच्यावर कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं की ही खास शर्यतीसाठी हलकी केलेली गाडी आहे, तेव्हा पत्र्याची जुळणी आणि बाहेरचं फिनिशिंग आमच्या नेहमीच्या दर्जाचं नाही. माझं बॉनेट डावीकडे अर्धा मिलिमीटर उचललेलं आहे. कुणी विचारलं तर मी या पट्टीकडे बोट दाखवणार आहे.

कॅटलिनाचं काम जेमतेम सुरू झालंय. 1963 च्या जानेवारीत जनरल मोटर्सने, म्हणजे पॉन्टिअ‍ॅक आणि शेवरोलेच्या मालक कंपनीने, वरूनच फर्मान काढलं, रेसिंग बंद. त्यामुळे पॉन्टिअ‍ॅकच्या या खास गाड्या चौदाच निघाल्या, आणि शेवरोलेच्या झेड11 इम्पाला 57 वर थांबल्या. कॅटलिनाची चासी हलकी करायला तिला शंभराहून जास्त भोकं पाडली होती. अमेरिकन लोक तिला ‘स्विस चीज’ म्हणतात. मला ती बघून अनारसा आठवतो. हातातल्या छोट्या ड्रिलने आतापर्यंत 34 भोकं झाली, दोन बिटं मोडली. चासी आताच वाकायला लागलीय. खऱ्या गाड्यांनाही तडे जायचे, हे वाचून जरा बरं वाटलं.

1965 च्या डॉजचं फक्त माप काढून ठेवलंय. मागचा अ‍ॅक्सल 15 इंच पुढे, पुढचा 10 इंच पुढे, म्हणजे माझ्या मापात साधारण 15 आणि 10 मिलिमीटर. वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून केलेला उद्योग. एनएचआरएने, म्हणजे अमेरिकेत या सरळ रेषेतल्या शर्यती भरवणाऱ्या संघटनेने, त्यांना फॅक्टरी वर्गात घेतलं नाही. गाडी इतकी विचित्र दिसायची की ‘फनी कार’ हे नाव तिथूनच रुळलं. आज त्या नावाने पळणाऱ्या गाड्या कारखान्यातून निघत नाहीत, तो भाग वेगळा.

पावसाळ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चासी नंबरांनी. आपल्याकडे जुनी गाडी घेताना आधी चासी नंबर आरसी बुकाशी ताडतात, तसंच. हेमी डार्टचा नंबर LO23M8B ने सुरू होतो. L म्हणजे डार्ट, O म्हणजे सुपर स्टॉक हा शर्यतीचा वर्ग, 23 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, M म्हणजे खास ऑर्डरचं इंजिन, 8 म्हणजे 1968, B म्हणजे हॅमट्रॅमॅकचा कारखाना. पहिल्या सात अक्षरांतच पूर्ण कुंडली. थंडरबोल्टच्या नंबरात मात्र K असतो, आणि K म्हणजे 289 घनइंचाचं इंजिन. गाडी त्या इंजिनाच्या नावाने जन्मली आणि बाहेर जाऊन 427 ची झाली. नंबर बिचारा जुनंच सांगत राहिला. कॅमॅरोचं आणखी अवघड. 1969 च्या नंबरातून एवढंच कळतं की इंजिन व्ही8 आहे. झेडएल1 असो की शेजारच्या काकूंची भाजी आणायची गाडी, सुरुवातीचे आकडे तेच. म्हणून तिथे बिलं, कारखान्याचे कागद आणि इंजिन ब्लॉकवरचे ठसे धरावे लागतात, आणि म्हणूनच तिथे नकली गाड्या फार.

झेडएल1 चा किस्सा मला सगळ्यात आवडतो. सुपर स्टॉकमध्ये उतरायचं तर किमान 50 गाड्या बनलेल्या हव्यात, असा एनएचआरएचा नियम. शेवरोलेच्या व्हिन्स पिगिन्सने आतून सूत्रं हलवली आणि इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावच्या फ्रेड गिब नावाच्या डीलरने 50 ची ऑर्डर दिली. सगळं अ‍ॅल्युमिनियमचं 427 इंजिन, आणि नुसत्या त्या इंजिनाचे 4,160 डॉलर. बिल बघून गिब हबकला असणार. एवढ्या महाग गाड्या गावात खपेनात. बऱ्याचशा शेवरोलेने परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे पाठवल्या. एकूण निघाल्या 69. आणि 50 चा आकडा एकदा दिसायला लागला की सगळीकडे दिसतो: 1968 च्या फोर्डच्या कोब्रा जेट मस्टँगची पहिली पांढरी खेप 50, एएमसी कंपनीसाठी हर्स्टने केलेल्या एसएस/एएमएक्स 52, आणि 2008 ला फोर्डने चाळिशी साजरी करायला परत कोब्रा जेट काढली, तीही 50.

आजची स्थिती: थंडरबोल्टला क्लिअर कोटचा शेवटचा हात बाकी आहे, डिसेंबरच्या कोरड्या हवेत मारेन. डार्ट जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवणार, बॉडी राखाडी प्रायमरमध्ये आणि बॉनेट-मडगार्ड काळे. रंगाचे पैसे वाचले. तिच्या दारांना काच वर-खाली करायचं हँडल नव्हतं, नुसता पट्टा ओढायचा. तो पट्टा एक मिलिमीटर रुंदीचा हवाय. मास्किंग टेप फाटते, रिबन जाड पडते. सध्या जुन्या कॅसेटची टेप कापून बघतोय. ती चकाकते फार.