ट्रियरचं सोनं आणि फाउस्टिनाचा अंबाडा

जर्मनीत कोब्लेंझहून ट्रियरला जाणारी गाडी बराच वेळ मोझेल नदीची सोबत करते, डोंगरउतारांवर द्राक्षमळेच मळे. गावात शिरलं की पोर्टा निग्रा, म्हणजे काळी पडलेली रोमन वेस, लक्ष वेधून घेते. मला मात्र ओढ होती ती राइनिशेस लांडेसम्युझियमची. १९९३ मध्ये शहरातल्या एका बांधकामाच्या खोदाईत निघालेली अडीच हजारांहून जास्त रोमन सुवर्णनाणी तिथे आहेत. वजन साडेअठरा किलो!

एकेक ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, सव्वासात ग्रॅमच्या आसपास. सोन्याला गंज नाही, त्यामुळे भुवईचा केससुद्धा कोरीव दिसतो. हातोड्याने ठोकलेली नाणी ही, म्हणून काही ठशांचा मध्य सरकलाय आणि अक्षरं कडेला कापली गेलीत. मला तीच जास्त आवडली.

नाण्याच्या एका बाजूला चेहरा, दुसरीला त्या राज्यकर्त्याने लोकांना काय पटवायचं ठरवलं होतं ते. जाड मानेचा सम्राट नीरो घ्या. इ.स. ६५ मध्ये त्याला मारण्याचा कट फसला. त्याच सुमाराच्या नाण्यांवर हातात वज्र घेतलेला रोमनांचा देवराज ज्युपिटर ‘रक्षक’ म्हणून बसलाय. हेड्रियनपासून सम्राटांना भरघोस दाढी येते.

पण मी खिळले ती थोरल्या फाउस्टिनापाशी. बारीक वेण्या गुंफून थेट टाळूवर बांधलेला अंबाडा, पेड न् पेड मोजता यावा असा. ती इ.स. १४०च्या सुमारास वारली. तिचा पती, सम्राट अंतोनायनस पायस, त्यानंतर वीस वर्षं जगला आणि तिच्या नावाची नाणी पाडत राहिला: ‘दिव्य फाउस्टिना’, मागे ‘शाश्वती’. तिच्यासाठी बांधलेलं मंदिरही काही नाण्यांवर आहे, आणि त्याचे खांब रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, आजही उभे आहेत. राजकारण यात होतंच, पण इतकी वर्षं चाललेली ही आठवण मला खरी वाटते.

हेच सोनं आपल्याकडेही आलं. भारताच्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. भारतात सापडलेल्या कित्येक ऑरियसना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं आहेत. पुतळ्यांच्या माळेसारखी गळ्यात घालताना चेहरा सरळ राहावा म्हणून.

ट्रियरला जाल तेव्हा म्युझियमसाठी अख्खी सकाळ ठेवा. सोमवारी ते बंद असतं.