लोंगेवाला टेबलावर: कृषकचा तिढा सुटला

मंडळी, राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावरच्या १९७१ च्या लढाईचा युद्धखेळ आम्ही खेळतो, त्यातला कृषक, म्हणजे भारतीय तोफखान्याचं संथ टेहळणी विमान, आता नीट खेळतो. नाशिक रोडच्या आमच्या टेबलावर लोंगेवाला पहिल्यांदाच शेवटच्या टर्नपर्यंत रंगला. पाकिस्तानी बाजूचा गडी उठताना चिडलेला नव्हता, उलट पुढचा डाव कधी लावतोस म्हणून विचारून गेला. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

अडचण तीच जुनी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीचे टर्न झकास चालायचे. सेकंड लेफ्टनंट धरमवीरची गस्त सीमेवर रणगाड्यांची घरघर ऐकते, मेजर चांदपुरींची ए कंपनी ठाण्यात दबा धरून बसते, १०६ मिमीची जीपवरची आरसीएल (रणगाडाविरोधी तोफ) गोळी राखून ठेवते. हंटर लढाऊ विमानांना अंधारात उडता येत नाही, म्हणून भारतीय खेळाडूच्या हाती फक्त पहाटेची वाट बघणं. हा ताण टेबलावर नीट उतरला होता. पण उजाडलं की कृषक यायचा, अंपायर पडदा बाजूला करून सगळे काउंटर (सोंगट्या) उघडे करायचा आणि दोन टर्नमध्ये डाव खलास. दृष्टी कमी केली की उलटी तऱ्हा: विमान टेबलावर असून नसल्यासारखं.

आधी क्षितिजाचा हिशेब लावला. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढून ३.५७ नं गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळतं. जमिनीवर उभ्या माणसाला जेमतेम ५, तेही वाळूच्या टेकड्या आड आल्या नाहीत तर. १५० मीटरवरून तेच ४४ च्या आसपास. आपला नकाशा ५०० मीटरच्या हेक्सनं (षटकोनी घरानं) जेमतेम १५ किलोमीटर रुंद, म्हणजे कृषक कुठल्याही हेक्सवर ठेवा, सगळं मैदान त्याच्या क्षितिजाच्या आतच. क्षितिजावर नियम बांधण्यात अर्थ उरला नाही.

मग देवळालीत नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या सुभेदारसाहेबांनी मिलचं, म्हणजे कोन मोजायच्या एककाचं, गणित काढायला लावलं. तोफखान्यात वर्तुळाचे ६४०० मिल धरतात; १००० मीटरवरची १ मीटरची वस्तू साधारण १ मिल दिसते. पाकिस्तानी टी-५९ रणगाड्याचा सांगाडा सहा मीटरच्या घरातला. सहा किलोमीटरवरून तो १ मिल, म्हणजे एक ठिपका. तो रणगाडा की ट्रक, कुणाचा, कुठे तोंड करून उभा, हे त्या ठिपक्यावरून ठरत नाही. खात्री करायला दुर्बीण घेऊन पांडवलेणीच्या डोंगरावर गेलो. खाली मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक एकात एक मिसळतात, पण दूर कच्च्या रस्त्यावरचा डंपर दिसायच्या आधी त्याची धूळ दिसते. त्यावरून तीन पायऱ्या केल्या: धूळ, वाहन, ओळख. अंतर कमी होईल तशी एकेक पायरी वर चढायची. हा नियम राहणार आहे, मला फार आवडलाय.

तरीही डाव भारतीय बाजूलाच झुकत होता, आणि का ते फळ्यावर दळणवळणाची आकृती काढली तेव्हा कळलं. कृषकला दिसलेलं त्याच क्षणी सगळ्यांना कळत होतं! कंपनीला, तोफांना, हंटरला, एकदमच. खऱ्या फौजेत असं होत नाही. कंपनीची विमानाची मागणी पायरीपायरीनं चढते: कंपनीकडून बटालियन, बटालियनकडून ब्रिगेड, तिथून १२ डिव्हिजन, मग जैसलमेरचा हवाई तळ. उतरताना मात्र एवढा जिना लागत नाही. हल्ल्याच्या वेळी विमानांना जागा दाखवणारा अधिकारी वैमानिकांशी थेट बोलतो. त्या सकाळी हे काम कृषकमधून मेजर आत्मा सिंग करत होते. चार ३० मिमी तोफांचं हंटर लक्ष्यावरून झपाट्यानं निघून जातं, त्याच्या वैमानिकाला शोधायला काही सेकंदच मिळतात. शोधायचं काम संथ कृषकनं करायचं.

म्हणून नवा नियम: एका टर्नमध्ये एकच नेट, म्हणजे रेडिओवर एकाशीच बोलणं. कृषकवाल्यासमोर तीन चकत्या, कंपनी, तोफखाना, हंटर. एक उचलायची, जे दिसलं ते त्या एकालाच सांगायचं. बाकीच्यांचे नकाशे जुनेच राहतात. तोफखान्याची चकती फुकट, कारण एअर ओपीचा (विमानातून तोफांचा मारा दुरुस्त करणाऱ्या तुकडीचा) वैमानिक मुळात तोफखान्याचा अधिकारी. १५ ऑगस्ट १९४७ ला आपली पहिली एअर ओपी फ्लाइट ऑस्टर विमानांवर उभी राहिली, तेव्हापासूनची ही परंपरा, आणि आर्मी एव्हिएशन स्वतंत्र कोअर झाली ती थेट १९८६ मध्ये. 'ॲड ४००' (पुढे टाका), 'ड्रॉप २००' (अलीकडे घ्या) करत गोळा लक्ष्याच्या पुढेमागे पाडत पेच आवळणं त्याच्या हाडीमाशी असतं. हंटरच्या चकतीला मात्र डी-६ (सहा बाजूंचा फासा) टाकायचा.

आणि काय डाव झाला! कृषकनं पहिला घोळका हंटरला दाखवला. त्याच टर्नला त्याला दक्षिणेकडून वळसा घालणारे चार रणगाडे दिसले. चकती एकच, ती गेली होती. कंपनीवाला शेजारच्या खोलीत आरसीएल जीप पश्चिमेकडे तोंड करून निवांत, आणि कृषकवाला तोंड मिटून तळमळतोय. पुढच्या टर्नला कंपनीची चकती उचलावी तर हंटर डोक्यावर येऊन आंधळे फिरतात. असा निर्णय या खेळात आजवर कुणालाच घ्यावा लागला नव्हता. याच एका टर्नसाठी गेले कित्येक महिने धडपडलो होतो.

सामानाचं थोडक्यात. वाळवंटाला गोदावरीची वाळू नको, ६ मिमी मापाच्या मॉडेलशेजारी तिचा कण धोंड्याएवढा दिसतो. पंचवटीतून पांढरी रांगोळी आणली, त्यात पिवळा ऑक्साइड घातला, वर पातळ फेव्हिकॉल. याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही. सातपूरला लेझरनं कापून घेतलेल्या एमडीएफच्या हेक्सच्या कडा जळक्या आल्या, त्या घासण्यात वेळ गेला. पुढच्या वेळी ३ मिमीऐवजी २ मिमीचा बोर्ड घेईन. रेझिनच्या टी-५९ च्या नळ्या हात लागताच मोडायच्या, आता टाचण्या कापून बसवल्यात, वाकतात पण तुटत नाहीत. कृषकची थ्रीडी प्रिंटची फाइल मला मिळाली नाही, म्हणून ऑस्टरचीच घेऊन पुढचं नाक नव्यानं घडवलं. वर पंख, शेपटीखाली चाक, टेबलावर छान शोभतं. अॅक्रिलिकच्या तीन काड्यांवर तीन उंच्या.

हे लिहिताना एक नवीनच डोक्यात आलंय. लोंगेवाल्याच्या फोटोंत वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांची गोलगोल वळणं उमटलेली दिसतात, आणि ठाण्याला वेढा घालू पाहणारे बरेच रणगाडे मऊ वाळूत रुतले होते. मग वाळूचा नकाशा एकट्या अंपायरकडेच का नको? कुठली हेक्स घट्ट, कुठली मऊ, पाकिस्तानी खेळाडूला आत शिरल्यावरच कळेल. रणगाडा गेला की मागे पट्ट्याचा काउंटर पडेल. कृषकला धूळ नसली तरी पट्टे दिसतील, पट्टा जिथे संपतो तिथे रुतलेला रणगाडा. म्हणजे तीन पायऱ्यांची चौथी होणार, आणि मी वर 'राहणार' म्हटलेला नियम आजच बदलतोय. बदलू दे.

दुसऱ्या परिस्थितीचाही बेत फिरवलाय. कारगिल करायचं ठरलं होतं, ते मागे. त्याआधी एक काल्पनिक सराव लावतो: सहा तोफांची एक बॅटरी, एक ब्रिगेड आणि वर सर्चर ड्रोन. आपल्याकडे ही ड्रोन आधी तोफखान्याच्या साटा (टेहळणी करून लक्ष्य शोधणाऱ्या) युनिटांकडे होती, २०२१ मध्ये ती आर्मी एव्हिएशनकडे गेली. वैमानिक जमिनीवर, चित्र पडद्यावर. त्या पडद्यासमोर तोफखान्याचा माणूस बसवायचा की ब्रिगेडचा, हे खेळाडूनं डाव सुरू व्हायच्या आधी ठरवायचं, मग बदल नाही. चकत्या इथेही लागतील की पडद्याची जागाच पुरेल, ते लावून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्यांच्याकडे १०५ मिमी इंडियन फील्ड गनची ६ मिमी मापाची मॉडेल आहेत त्यांनी बॅटरीपुरती उसनी द्या, टाचण्यांसकट परत करतो.