तुम्ही विचारलेत म्हणून : ‘हा भाग पुढे वर येईल का?’

उपनगरात घर घ्यायचे ठरले की लोक मला गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात : ‘हा भाग पुढे वर येईल का?’ नगररचनेच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे उत्तर माझ्याजवळ तयार असणार, असे त्यांना वाटते आणि मी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही म्हणून ते दुखावतात. मी अंग काढून घेतो, असे काहींचे म्हणणे; स्वतःचे घर घेताना मात्र मी सगळे पारखून घेतले असेल, असा काहींचा टोमणा. पारखून घेतले होतेच. तरीही एका शब्दाचे उत्तर मी का देत नाही, हे एकदाचे नीट सांगतो.

जे पाहता येते, ते पाहायला मी कधीच नाही म्हटलेले नाही. नुसता जाहीर झालेला रस्ता आणि जमीन ताब्यात येऊन, निविदा निघून काम सुरू झालेला रस्ता, यांत कित्येकदा एका पिढीचे अंतर पडते. विक्रीच्या माहितीपत्रकात मात्र दोन्ही एकाच रंगाने छापलेले असतात. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर विकास आराखड्यात कोणते आरक्षण आहे, हे पाहिल्याशिवाय खिडकीतून दिसणाऱ्या हिरवळीवर भाळू नये. मोठा पाऊस पडून गेल्यावर तळमजल्यांच्या भिंती पाहाव्यात. पाणी कुठवर चढले होते ते तिथे दिसते. नव्या वसाहतीतले रस्ते, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या एकाच सुमारास टाकलेल्या असल्यामुळे त्या जीर्णही एकाच सुमारास होतात, आणि तोवर नव्या बांधकामातून मिळणारे शुल्क आटलेले असते. म्हणून स्थानिक संस्था आज दुरुस्ती वेळेवर करते की पुढे ढकलते, याकडे माझे सर्वांत जास्त लक्ष असते. शाळेत खालच्या इयत्तांच्या तुकड्या वरच्या इयत्तांपेक्षा कमी दिसल्या, तर तरुण कुटुंबे येण्याचे प्रमाण घटले असावे, हेही लक्षात घ्यावे.

इतके कळत असताना अडते कुठे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी मला एक प्रसंग सांगावा लागेल, आणि तो सांगणे मला जड जाते.

एका मित्राने मला जुन्या उपनगरातले एक घर पाहायला नेले होते. घर स्वच्छ, हवेशीर आणि मनापासून सांभाळलेले होते. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या निम्म्याहून अधिक खिडक्या भरदिवसा बंद होत्या. खाली मुलांच्या मैदानात झोक्यांच्या साखळ्या वरच्या दांडीला गुंडाळून ठेवल्या होत्या आणि पलीकडच्या शाळेच्या फाटकाला कुलूप होते. मी मित्राला सगळा हिशेब तिथेच उलगडून सांगितला : इथे सगळे एकाच वेळी राहायला आले, एकाच वयाचे होते, आता एकत्रच म्हातारे झाले आहेत; पुढच्या काही वर्षांत ही घरे एकदम विक्रीला निघतील आणि घेणारे नसतील; तू इथे पैसे अडकवू नकोस. बोलून वळलो तर घराच्या मालकीणबाई पाण्याचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

त्या रागावल्या नाहीत. तबक खाली ठेवत म्हणाल्या, “खरं आहे तुमचं. आम्ही सगळे बरोबरच आलो, मुलंही बरोबरच बाहेर पडली. पण घर बघायला येणारा प्रत्येक जण इथे उभा राहून हेच सांगतो आणि निघून जातो. कोणी आलंच नाही, तर शाळा उघडणार कशी, तेवढं सांगा.”

मला उत्तर सुचले नाही. आम्ही पाणी प्यायलो आणि उतरलो. जिन्यात मित्राने विचारले, “पण तू म्हणालास ते बरोबरच होतं ना?” मी ‘हो’ म्हणालो. आजही तेच म्हणेन.

मी सांगितलेला हिशेब माझ्या मनचा नव्हता. टोकियोच्या पश्चिमेला वसवलेल्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने राहायला गेली. पुढे ती पिढी एकदमच वृद्ध झाली, मुले कमी झाल्याने शाळा बंद पडल्या आणि लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतींचे जिने त्याच रहिवाशांना चढवेनासे झाले. पण त्या बाईंचा प्रश्नही इतिहासाला धरूनच होता. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार दर्जे दिले आणि ज्यांचे भवितव्य वाईट मानले त्या तांबड्या रंगाने दाखवल्या. रहिवाशांचा वंश हा त्या प्रतवारीचा एक उघड आधार होता. १९३४ पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननेही अशा वस्त्यांतल्या गृहकर्जांना विम्याचे संरक्षण नाकारले. कर्ज नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून डागडुजी नाही, आणि मग पडझड झालेली वस्ती दाखवून ‘आम्ही म्हणालोच होतो’ असे म्हणायची सोय.

माझे मत म्हणजे सरकारी नकाशा नव्हे, हे मला कळते. तेव्हाचा मी आजच्या मला हेच सुनावतो : मित्राची आयुष्यभराची बचत पणाला लागली होती, तुझे देणे त्याच्याशी होते, अख्ख्या वसाहतीचा भार त्याने एकट्याने का वाहावा? या युक्तिवादात मला अजून खोट सापडलेली नाही. आणि तरीही, ज्या भागाबद्दल सगळे जाणकार एकच बोलतात, तिथे त्यांचे बोलणे हेच तिथल्या घसरणीचे एक कारण होऊन बसते, हेही मला नाकारता येत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. ते घर पुढे कोणी घेतले का, याची चौकशी मी कधी केली नाही. करायचे धाडस झाले नाही, हे जास्त खरे.

तेव्हा घर पाहायला मला जरूर बोलवा. आराखडा वाचून दाखवीन, नाला कुठून वाहतो ते सांगेन, शाळेत तुमच्याबरोबर येईन, आणि तुम्ही तिथे किती वर्षे राहणार आहात, हेही विचारीन. कारण पाच वर्षांनी विकणाऱ्याला जो धोका आहे, तो तिथेच मुले वाढवणाऱ्याला तितका नसतो. भाग वर येईल की नाही, ते मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका; आणि जे काही विचारायचे असेल, ते त्या घरातून बाहेर पडल्यावर विचारा.