ट्रिअरची चिल्लर

जर्मनीतल्या कोब्लेंझहून गाडी मोझेल नदीच्या काठाकाठाने, द्राक्षांच्या उतारांखालून ट्रिअरला पोचते. पोर्टा निग्रा या रोमन वेशीपाशी सगळे काढतात तसा फोटो काढला आणि थेट ऱ्हाइनिशेस लांडेसम्युझियम गाठलं. १९९३ साली शहरात खोदताना सापडलेली अडीच हजारांवर सोन्याची रोमन नाणी इथे आहेत. गर्दी अर्थात तिथेच. मला बघायची होती ती ब्राँझची चिल्लर.

इथली टांकसाळ इ.स. २९४ च्या आसपास सुरू झाली. तेव्हाचं मोठं ब्राँझ नाणं आपल्या दहाच्या नाण्याएवढं, दहा ग्रॅमच्या आसपास. त्यावर जाडजूड मान, आखूड दाढी, नाणंभर डोकं. तेव्हा रोमन साम्राज्यावर मिळून राज्य करणारे चौघे एकाच साच्यातले. नाव वाचावं तेव्हा कळतं कोण कुठला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत नाणं आटत आठ आण्याएवढं झालं, तीनेक ग्रॅमचं. नाणं आटलं म्हणून चेहराही आटला, असा माझा समज होता. तो इथे मोडला.

माझ्याकडे ट्रिअरचंच एक नाणं आहे, ३२१ ते ३२३ मधलं, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस याचं. मागे वेदीवर गोल आणि वर तीन तारे. ते पुडीतून काढून काचेला लावलं. आत कॉन्स्टंटाइनचं थोडं नंतरचं नाणं, मागे दोन बुरुजांचा दरवाजा. घेर जवळपास सारखाच. पण बापाचं नुसतं डोकं, डोक्यावर पानांचा मुकुट, बस्स. मुलगा मात्र छातीपासून दिसतो: चिलखत, खांद्यावर भाला, पुढे ढाल. एवढा लवाजमा मावायचा तर तोंडाला जागा उरते मसुराच्या दाण्याएवढी! त्यात कडेने 'युलियस क्रिस्पस' वगैरे लांबलचक नाव. शिवाय ठसे हाताने कोरायचे, त्यामुळे एकाच प्रकारातही कुणाचं डोकं अक्षरांत घुसतं, कुणाचं मधेच हरवतं. (याच मुलाला बापाने ३२६ मध्ये मारवलं. नाण्यावर दोघं मजेत दिसतात.)

चष्मा घरी राहिला होता, म्हणून सगळं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. त्या गडबडीत क्रिस्पसला पुडीत परत घालायचं राहिलं. संध्याकाळी बेकरीत सुट्टे मोजून दिले. बाईंनी दोन-दोन सेंटची नाणी पुढे ओढली, त्यातलं एक बोटाने बाजूला सारलं आणि मान हलवली.